फ्री-आरटीओएसवर इंटरप्टने सिरीयल: टप्प्याटप्प्याने, योग्य क्रमाने

टेबलावर लूपबॅक (पाठवायची तार स्वतःच्याच घ्यायच्या तारेला) लावला की सगळं नीट चालतं. खरं उपकरण जोडलं की कधी दहा मिनिटांनी, कधी रात्रभराने बोर्ड गप्प होतो. आरटीओएसवर (फ्री-आरटीओएससारख्या, अनेक टास्क वेळेत चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमवर) इंटरप्टने (चालू काम थांबवणाऱ्या हार्डवेअरच्या हाकेने) सिरीयल चालवणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार आहे. इंटरप्ट रूटीन जेमतेम पंधरा ओळींचं असतं, म्हणून सगळे तेच पुन्हा पुन्हा वाचत बसतात. चूक बहुतेक वेळा त्या ओळींच्या आधीच झालेली असते. प्राधान्याचा आकडा उलटा समजलेला असतो, बफर तयार होण्याआधी इंटरप्ट चालू केलेला असतो, किंवा डेटा बफरमध्ये पडण्याआधीच ट्रान्समिट सुरू केलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि एका टप्प्याची तपासणी झाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.

उदाहरणासाठी ब्लू पिल बोर्ड घेतला आहे: एसटीएम३२एफ१०३सी८, ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम, ७२ मेगाहर्ट्झ. कर्नल (आरटीओएसचा गाभा) फ्री-आरटीओएस १० किंवा त्यापुढचा, कारण स्ट्रीम बफर (कर्नलची बाइटची रांग) १० पासून आला. पोर्ट युसार्ट१ (चिपमधलं सिरीयल हार्डवेअर), वेग ११५२०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एफ४ मालिकेत रजिस्टरं जवळपास अशीच आहेत. एफ०, एफ७, एल४, जी० यांत एरर फ्लॅग पुसायची पद्धत वेगळी आहे, ती सहाव्या टप्प्यात येईल.

रचना साधी ठेवायची. येणारा बाइट इंटरप्ट उचलतो, स्ट्रीम बफरमध्ये टाकतो आणि टास्कला उठवतो. जाणारा बाइट टास्क दुसऱ्या स्ट्रीम बफरमध्ये टाकतो आणि इंटरप्ट तो एकेक करून बाहेर काढतो. अर्थ लावणं, सीआरसी (चुका पकडणारा आकडा) तपासणं, उत्तर बनवणं ही सगळी कामं टास्कची. इंटरप्टमध्ये यातलं काहीही करायचं नाही.

टप्पा १: आधी कागदावर हिशोब

८ बिट डेटा, १ स्टार्ट आणि १ स्टॉप मिळून एका बाइटला १० बिट लागतात. ११५२०० बॉडला सेकंदाला ११५२० बाइट येतात, म्हणजे दोन बाइटमध्ये ८६.८ मायक्रोसेकंद. ७२ मेगाहर्ट्झला हे ६२५० क्लॉक सायकल होतात. या चिपच्या युसार्टला फिफो (आलेले बाइट साठवणारी रांग) नाही. एक शिफ्ट रजिस्टर आणि एक डेटा रजिस्टर, एवढंच. एक बाइट डेटा रजिस्टरात आला की पुढचा पूर्ण होण्याआधी तो उचललाच पाहिजे. याचा अर्थ तुमच्या प्रोग्रॅममध्ये कुठेही इंटरप्ट ८६ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त वेळ अडून राहता कामा नये. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, पुढची निम्मी दुखणी त्याच्याशीच येऊन थांबतात.

बफर किती मोठा हवा? वाचणारी टास्क जास्तीत जास्त किती वेळ अडकू शकते ते पाहा. समजा डिस्प्ले रंगवणारी वरच्या प्राधान्याची टास्क २० मिलिसेकंद घेते. तेवढ्या वेळात २३० बाइट येतील. त्याची दुप्पट धरा आणि ५१२ घ्या. २० केबी रॅममध्ये हे सहज परवडतं. ६४ बाइटचा बफर घेऊन पुढे आठवडाभर हरवलेले बाइट शोधत बसणं परवडत नाही.

बॉडचा भाजक: ७२००००००ला ११५२००ने भागलं की बरोबर ६२५ येतात, चूक शून्य. युसार्ट२ आणि ३ हे ३६ मेगाहर्ट्झच्या बसवर आहेत. तिथे ३१२.५ येतात आणि जवळचा पूर्णांक घेतला तर ०.१६ टक्के फरक पडतो. तो चालतो.

तपासणी: टर्मिनलवर कचरा दिसत असेल तर आधी लॉजिक अ‍ॅनलायझरवर एका बिटची रुंदी मोजा. ती ८.७ मायक्रोसेकंद हवी. ७८ च्या आसपास आली, म्हणजे नऊपट, तर क्रिस्टल सुरूच झालेला नाही. चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झवर चालली आहे आणि तुमचा कोड ७२ धरून बसला आहे. अशा वेळी बॉडचे आकडे बदलून जुगाड करू नका, क्लॉक दुरुस्त करा.

टप्पा २: पिना आणि जोडणी

पीए९ म्हणजे टीएक्स (पाठवणारी पिन), तो ऑल्टरनेट पुश-पुल. पीए१० म्हणजे आरएक्स (घेणारी पिन), तो इनपुट, पुल-अपसह. एफ१ मालिकेत आरएक्स साधा इनपुटच ठेवायचा असतो. पुल-अप यासाठी, की केबल निघाली तर पिन तरंगत राहून खोटे स्टार्ट बिट तयार होऊ नयेत. तुमचा टीएक्स समोरच्याच्या आरएक्सला जोडा आणि ग्राउंड एकत्र करा. यूएसबी-सिरीयल मोड्यूल ३.३ व्होल्टवर ठेवा.

युसार्ट आणि पोर्ट-ए यांचा क्लॉक आधी चालू करा, मग त्यांच्या रजिस्टरात लिहा. क्लॉक नसताना लिहिलेलं काहीही न सांगता वाया जातं.

टप्पा ३: इंटरप्टचं प्राधान्य

सगळ्यात जास्त बोर्ड इथे मरतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

फ्री-आरटीओएसमध्ये टास्कचा आकडा मोठा तर टास्क महत्त्वाची. कॉर्टेक्स-एममध्ये इंटरप्टचा आकडा लहान तर इंटरप्ट महत्त्वाचा. दोन्ही उलट आहेत आणि दोन्ही एकाच प्रोजेक्टमध्ये आहेत.

एसटीएम३२एफ१०३मध्ये प्राधान्याला ४ बिट आहेत, म्हणजे ० ते १५ पातळ्या. कर्नल स्वतः १५ वर, सगळ्यात खाली. कॉन्फिग फाइलमध्ये ‘मॅक्स सिसकॉल’ नावाची एक रेघ असते, ती सहसा ५ वर. क्रिटिकल सेक्शनमध्ये (मध्ये कोणी घुसू नये अशा कोडमध्ये) शिरताना कर्नल ५ ते १५ हे इंटरप्ट अडवतो, ० ते ४ मात्र तसेच चालू राहतात. त्यामुळे ज्या इंटरप्टमधून कर्नलचं कुठलंही फंक्शन बोलावलं जातं, त्याचा आकडा ५ किंवा त्याहून मोठाच हवा. ४ असेल तर कर्नल आपल्या याद्या हलवत असतानाच तुमचा इंटरप्ट मध्ये घुसतो आणि त्याच याद्या हलवतो. असा बोर्ड लगेच पडत नाही. काही तासांनी, भलत्याच ठिकाणी पडतो.

आमची शिफारस ६. आता तीन सापळे बघा.

पहिला: रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टचं प्राधान्य ० असतं, म्हणजे सर्वोच्च. ‘सेट करायला विसरलो, पण चालतंय’ याचा अर्थ ‘अजून पडलेलं नाही’ एवढाच.

दुसरा: प्राधान्याचे ४ बिट बाइटच्या वरच्या अर्ध्या भागात असतात. म्हणून कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ५ हा आकडा ४ घरं डावीकडे सरकवून ८० असा लिहिलेला दिसतो. पण प्राधान्य ठरवणारं सीएमएसआयएसचं (आर्मच्या तयार हेडर फाइलींचं) फंक्शन हे सरकवणं स्वतःच करतं. कॉन्फिगमधलं बघून तुम्ही ६ ऐवजी ९६ दिलेत, तर ते पुन्हा चार घरं सरकतं, वरचे बिट गळून पडतात आणि हाती राहतं शून्य. सुरक्षित समजून दिलेला आकडा सगळ्यात धोकादायक ठरतो. फंक्शनला ६ च द्या.

तिसरा: चारही बिट प्रीएम्प्शनसाठी (एका इंटरप्टने दुसऱ्याला मध्येच थांबवण्यासाठी) ठेवा, म्हणजे प्रायॉरिटी ग्रुप ४. हॅल (एसटीची तयार ड्रायव्हर लायब्ररी) वापरत असाल तर ते सुरुवातीला होतं. जुन्या स्टँडर्ड लायब्ररीच्या उदाहरणांत वेगळे ग्रुप असतात. तो कोड उचलला असेल तर ही ओळ शोधून बदला.

तपासणी: कॉन्फिग-असर्ट (अट मोडली की थांबवणारी तपासणी) चालू करा आणि त्यात इंटरप्ट बंद करून अनंत लूप ठेवा. कॉर्टेक्स-एम३, एम४, एम७च्या पोर्टमध्ये कर्नल ‘फ्रॉम-आयएसआर’ कॉलमध्ये (इंटरप्टमधून बोलवायच्या फंक्शनमध्ये) प्राधान्य आणि ग्रुप दोन्ही तपासतो, चूक असेल तर तिथेच थांबतो. कॉर्टेक्स-एम०मध्ये काही पातळ्याच अडवण्याची सोय नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. असर्टशिवाय हे काम सुरूच करू नका.

टप्पा ४: कर्नलची बाकी तयारी

स्टॅक ओव्हरफ्लो तपासणी पद्धत २ वर ठेवा. टास्कचा स्टॅक शब्दांत मोजतात, बाइटमध्ये नाही. १२८ म्हणजे ५१२ बाइट. प्रिंटएफ वापरणाऱ्या टास्कला तेवढा पुरत नाही. २५६ ते ५१२ शब्दांपासून सुरुवात करा, मग हाय-वॉटर-मार्क (स्टॅकची आजवर उरलेली किमान जागा) बघून कमी करा.

हॅल आपला मिलिसेकंदाचा ठोका (टिक) सिसटिक या कोरमधल्या टायमरवरून घेतं आणि कर्नलही तिथूनच घेतो. हॅलला वेगळा टायमर द्या. कर्नल वापरतो त्या एसव्हीसी, पेंड-एसव्ही आणि सिसटिकची हँडलर (इंटरप्ट रूटीन) इंटरप्ट फाइलमध्ये आणि कर्नलमध्ये दुहेरी नाहीत ना, तेही बघा.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. शेड्युलर (कोणती टास्क चालणार ते ठरवणारा कर्नलचा भाग) सुरू होण्याआधी क्यू, बफर किंवा टास्क बनवलीत की या पोर्टमध्ये ५ ते १५ हे इंटरप्ट शेड्युलर सुरू होईपर्यंत अडलेलेच राहतात. हे मुद्दाम केलेलं आहे. पण मध्येच हॅल-डिले बोलावलात आणि त्याचा टायमर १५ वर असेल, तर तो डिले कधीच संपत नाही. उपकरण जागं व्हायला थांबायचं असेल तर ते बफर बनवण्याच्या आधी करा, नाहीतर टास्कच्या आत करा.

टप्पा ५: सुरू करण्याचा क्रम

१. क्लॉक, पिना.
२. दोन्ही स्ट्रीम बफर बनवा. परत आलेला पॉइंटर शून्य नाही ना, ते तपासा. हीप (प्रोग्रॅम चालताना वाटली जाणारी रॅम) अपुरा असेल तर इथेच कळलं पाहिजे.
३. टास्क बनवा.
४. युसार्टचा बॉड, टीई (पाठवणं चालू), आरई (घेणं चालू), यूई (युसार्ट चालू) सेट करा. इंटरप्टचा एकही बिट अजून लावायचा नाही.
५. एनव्हीआयसीमध्ये (चिपच्या इंटरप्ट नियंत्रकात) प्राधान्य ६ द्या. चालू मात्र करू नका.
६. शेड्युलर सुरू करा.
७. वाचणाऱ्या टास्कच्या पहिल्या ओळींत स्टेटस रजिस्टर एकदा वाचा, मग डेटा रजिस्टर वाचून टाकून द्या. आता आरएक्सएनई (‘बाइट आला आहे’) इंटरप्ट आणि एनव्हीआयसी चालू करा.

सातव्या पायरीतलं रिकामं वाचन गाळू नका. समोरचं उपकरण बोर्डच्या आधी चालू झालं असेल तर त्याचा शिळा बाइट आणि ओव्हररनचा (आधीचा न उचलल्याने बाइट हरवल्याचा) फ्लॅग आत बसलेला असतो.

सावधान: हँडलरचं नाव स्टार्टअप फाइलमधल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एक अंडरस्कोर चुकला तरी कंपायलर तक्रार करत नाही. पहिला बाइट येताच चिप डीफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये जाते. सी++ असेल तर हँडलरला एक्स्टर्न-सी लावा.

टप्पा ६: घेणारं इंटरप्ट रूटीन

क्रम असा:

१. ‘टास्क जागी झाली का’ हे चल दरवेळी फॉल्सने सुरू करा.
२. स्टेटस रजिस्टर एकदाच वाचून स्थानिक चलात ठेवा.
३. आरएक्सएनई किंवा ओव्हररन यांपैकी कुठलाही फ्लॅग असेल तर डेटा रजिस्टर वाचा.
४. ओव्हररन, फ्रेमिंग (स्टॉप बिट जागेवर न सापडणं), नॉइज (बिटमधला गोंधळ) यांच्या मोजण्या वाढवा.
५. आरएक्सएनई होता आणि फ्रेमिंग एरर नव्हता, तरच बाइट स्ट्रीम बफरमध्ये ‘फ्रॉम-आयएसआर’ फंक्शनने टाका. परत शून्य आलं तर ‘बफर भरला’ ही मोजणी वाढवा.
६. शेवटी पोर्ट-यील्ड-फ्रॉम-आयएसआर (जागी झालेल्या टास्ककडे लगेच वळायची ओळ).

तिसऱ्या ओळीतलं ‘किंवा’ सगळ्यात महत्त्वाचं. आरएक्सएनई इंटरप्ट चालू असला की ओव्हररनही तोच इंटरप्ट उठवतो. आणि कधीकधी ओव्हररन लागलेला असतो पण आरएक्सएनई नसतो: तुम्ही स्टेटस वाचलंत आणि डेटा वाचायच्या आत पुढचा बाइट येऊन धडकला, तर असं होतं. तुमचा कोड फक्त आरएक्सएनई बघत असेल तर तो काहीही न वाचता बाहेर पडतो. फ्लॅग तसाच राहतो, इंटरप्ट लगेच पुन्हा येतो. एफ१मध्ये ओव्हररन पुसायचा मार्ग एकच आहे: आधी स्टेटस वाचा, मग डेटा वाचा. तो न केल्याने चिप कायमची हँडलरमध्येच फिरत राहते. एकही टास्क चालत नाही, एलईडी थांबतो, आणि डीबगरने कधीही थांबवलं तरी हँडलरच दिसतं. ‘रात्रभराने गप्प होतो’ याचं नेहमीचं कारण हेच. एफ०, एफ७, एल४, जी०मध्ये यासाठी वेगळं क्लिअर रजिस्टर आहे, तिथे नुसत्या वाचनाने ओव्हररन जात नाही.

यील्डची ओळ विसरलात तर बाइट हरवत नाहीत, पण जागी झालेली टास्क पुढच्या टिकपर्यंत थांबून राहते. टिक १ मिलिसेकंदाचा असेल तर उत्तराला कधी लगेच, कधी जवळपास १ मिलिसेकंद, असा डळमळीत उशीर दिसतो.

सावधान: रूटीनमध्ये प्रिंटएफ, मॅलॉक, म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप), डिले काहीही नको. साधं फंक्शन आणि ‘फ्रॉम-आयएसआर’ फंक्शन यांत गल्लत नको. आणि प्रत्येक बाइट क्यूमध्ये टाकायची सवय या वेगाला सोडा. क्यू सुटसुटीत आहे, पण दर बाइटला तिचा खर्च जास्त पडतो.

टप्पा ७: वाचणारी टास्क

स्ट्रीम बफर एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा धरून बनवलेला आहे. दोन टास्कना एकाच बफरमधून वाचू देऊ नका.

वाचणाऱ्या फंक्शनला वेळमर्यादा द्या आणि परत आलेल्या संख्येवर विश्वास ठेवा. एक कॉल म्हणजे एक संदेश, हे गृहीत धरणं ही इथली मोठी चूक. बोलावताना बफरमध्ये एकच बाइट असला तरी फंक्शन न थांबता तो एक बाइट घेऊन परत येतं. ट्रिगर पातळी (किती बाइट आले की टास्कला उठवायचं तो आकडा) लागू होते ती टास्क रिकाम्या बफरवर झोपलेली असताना. त्यामुळे संदेश कुठे संपतो हे तुमच्या कोडने ठरवायचं: ओळीच्या शेवटच्या खुणेवरून, लांबीच्या बाइटवरून किंवा शांततेवरून.

शांततेवरून ठरवताना टिकचा हिशोब नीट करा. मॉडबस आरटीयू या औद्योगिक सिरीयल प्रोटोकॉलमध्ये दोन फ्रेममध्ये साडेतीन अक्षरांची शांतता लागते. ९६०० बॉड, इव्हन पॅरिटीसह ११ बिट धरले तर ती ४.०१ मिलिसेकंद होते. १ मिलिसेकंदाच्या टिकवर ४ टिकची मर्यादा प्रत्यक्षात ३ ते ४ मिलिसेकंदांत संपते, कारण पहिला टिक अर्धवट मिळतो. ५ टिकही ४ ते ५ होतात, म्हणजे काठावर, ६ द्या.

मॉडबसचीच आणखी एक खोच: ८ बिट डेटा आणि पॅरिटी हवी असेल तर या युसार्टमध्ये शब्दाची लांबी ९ करावी लागते, कारण पॅरिटी त्या लांबीतच मोजली जाते. ८ च ठेवलीत तर पॅरिटी तुमच्या डेटाचा वरचा बिट खाऊन टाकते. साधी अक्षरं ठीक दिसतात, सीआरसी मात्र जुळत नाही. वाचलेल्या शब्दाचे खालचे ८ बिटच घ्या.

या टास्कसाठी टास्क नोटिफिकेशनही (टास्कला थेट दिलेली हाक) वापरत असाल तर सांभाळा. स्ट्रीम बफर आतून तीच यंत्रणा वापरतो. बफरवर झोपलेल्या टास्कला त्याच नोटिफिकेशनने उठवलं तर दोघांचा गोंधळ होतो.

टप्पा ८: पाठवणं

टीएक्सई म्हणजे ‘डेटा रजिस्टर रिकामं आहे’. पोर्ट मोकळा असताना हा फ्लॅग कायम लागलेला असतो. म्हणून टीएक्सईचा इंटरप्ट सुरुवातीलाच चालू करून ठेवला तर पाठवायला काही नसतानाही इंटरप्टचा पूर येतो. नियम असा: बफरमध्ये काही असेल तरच तो चालू, आणि बफर रिकामा सापडला की रूटीनने तो स्वतः बंद करायचा.

टास्कच्या बाजूने क्रम: आधी सगळा डेटा बफरमध्ये, मग टीएक्सई इंटरप्ट चालू. उलट केलंत तर इंटरप्ट लगेच येतो, बफर रिकामा बघून स्वतःला बंद करतो. मग तुमचा डेटा बफरमध्ये पडतो, पण तो काढायला कोणीच उरत नाही. पुढचा संदेश पाठवला की दोन्ही एकदम बाहेर येतात. ‘उत्तर नेहमी एक संदेश मागे येतं’ असं दिसलं तर दुसरीकडे शोधू नका, या दोन ओळींची अदलाबदल झालेली असते.

संदेश बफरपेक्षा मोठा असेल तर तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यानंतर इंटरप्ट चालू करा. सगळं मावेपर्यंत थांबलात तर जागा कधीच रिकामी होणार नाही, कारण रिकामी करणारा अजून झोपलेला आहे.

अनेक टास्क लिहिणार असतील तर भोवती म्युटेक्स घ्या, सेमाफोर नको. म्युटेक्समध्ये प्राधान्याचा वारसा मिळतो, त्यामुळे म्युटेक्स धरलेल्या खालच्या टास्कला मधल्या प्राधान्याची टास्क अडवत नाही आणि वरची टास्क लटकून राहत नाही. म्युटेक्स संपूर्ण संदेशासाठी धरा, नाहीतर दोन टास्कच्या ओळी एकमेकींत मिसळून येतील.

टप्पा ९: आरएस-४८५ असेल तर

३.३ व्होल्टचा ट्रान्सीव्हर (युसार्ट आणि आरएस-४८५च्या तारा यांमधली चिप) घ्या, उदाहरणार्थ मॅक्स३४८५. स्वस्त मोड्यूलवरचा मॅक्स४८५ पाच व्होल्टचा असतो. पीए१० पाच व्होल्ट सहन करतो खरा, पण आतला पुल-अप बंद असेल तरच. ट्रान्सीव्हरच्या डीई (पाठवणं चालू) आणि आरई (घेणं चालू) या पिना एकत्र जोडल्या असतील तर पाठवताना ट्रान्सीव्हरचं आउटपुट तरंगतं आणि कचरा बाइट येतात, त्यामुळे तिथे पुल-अप तर हवाच. दोन्ही अटी एकत्र सुटतात ते ३.३ व्होल्टच्या भागानेच.

डीई खाली आणायची वेळ टीसीवर (‘शेवटचा बिटही बाहेर गेला’ या फ्लॅगवर) ठरते, टीएक्सईवर नाही. टीएक्सई लागला तेव्हा शेवटचा बाइट शिफ्ट रजिस्टरातून अजून बाहेर पडतो आहे. तेव्हाच डीई सोडलीत तर तो अर्धवट तुटतो. ९६०० बॉडला हा तुटलेला तुकडा जवळजवळ १ मिलिसेकंदाचा असतो आणि समोरच्याला दरवेळी शेवटच्या बाइटवरच सीआरसीची चूक दिसते. म्हणून बफर रिकामा झाला की रूटीनने टीएक्सई इंटरप्ट बंद करून टीसी इंटरप्ट चालू करायचा. टीसीवर डीई खाली आणि टीसी इंटरप्ट बंद.

इथे एक बारीक शर्यत आहे. मागच्या संदेशाचा शेवटचा बाइट बाहेर पडतो आहे. टास्कने नवा डेटा बफरमध्ये टाकला, डीई वर केली. त्याच क्षणी मागच्या संदेशाचा टीसी इंटरप्ट आला आणि त्याने डीई खाली आणली. टास्क परत आली, टीएक्सई इंटरप्ट चालू केला. आता सगळा संदेश बंद ट्रान्सीव्हरमध्ये जातो. शेकडो संदेशांत एखादा असा गायब होतो आणि लोक केबल बदलत बसतात. उपाय: डीई वर, टीसी इंटरप्ट बंद, टीएक्सई इंटरप्ट चालू, या तीन ओळी एकाच क्रिटिकल सेक्शनमध्ये ठेवा. आणि रूटीनमध्ये टीसीचा फ्लॅग व टीसी इंटरप्टचा चालू-बिट, दोन्ही तपासा. पोर्ट मोकळा असताना टीसीचा फ्लॅग लागलेलाच असतो. नुसता फ्लॅग बघणारं रूटीन प्रत्येक आलेल्या बाइटला डीईशी खेळेल.

हॅल वापरणाऱ्यांसाठी

एकेक बाइटचं रिसीव्ह-आयटी लावून कॉलबॅकमध्ये पुन्हा लावणं चालतं, पण दोन गोष्टी कराव्याच लागतात. ओव्हररन झाला की हॅल रिसेप्शन बंद करून एरर कॉलबॅक बोलावतं. तिथे पुन्हा रिसीव्ह लावलं नाही तर पोर्ट कायमचा बहिरा होतो. दुसरं, हॅलच्या जुन्या आवृत्त्यांत पाठवणं आणि घेणं एकच लॉक वापरतात. टास्क ट्रान्समिट-आयटीच्या मध्यावर असताना बाइट आला तर कॉलबॅकमधलं रिसीव्ह ‘बिझी’ परत करतं. ते परत आलेलं मूल्य कोणी बघत नाही आणि रिसेप्शन तिथेच संपतं. आमच्या मते एवढ्या कामासाठी रजिस्टरवर थेट लिहिलेलं रूटीन लहानही आहे आणि समजायला सोपंही.

टप्पा १०: चाचणी

पीए९ आणि पीए१० जोडा. ० ते २५५ हा क्रम पुन्हा पुन्हा पाठवत १ लाख बाइट सोडा, साधारण ९ सेकंद लागतील. प्रत्येक बाइट आधीच्यापेक्षा एकने पुढचा आहे ना, ते टास्कमध्ये तपासा. चारही मोजण्या शून्य हव्यात. मग बाकीच्या सगळ्या टास्क चालू करून तेच पुन्हा करा.

मोजण्या चूक कुठे आहे ते सांगतात. ओव्हररन वाढतोय, म्हणजे कुठेतरी इंटरप्ट ८६ मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त अडतोय: लांब क्रिटिकल सेक्शन शोधा किंवा वरच्या प्राधान्याचा जड इंटरप्ट. ‘बफर भरला’ वाढतोय, म्हणजे इंटरप्ट ठीक आहे, टास्क उशिरा उठते: तिचं प्राधान्य वाढवा किंवा बफर मोठा करा. फ्रेमिंग वाढतोय, म्हणजे बॉड, ग्राउंड किंवा केबल. तिन्हींना ‘बाइट हरवतात’ एवढंच म्हणत राहिलात तर उपाय चुकीच्या ठिकाणी होतो.

रूटीनच्या सुरुवातीला एक पिन वर आणि शेवटी खाली करून लॉजिक अ‍ॅनलायझरवर तिची रुंदी बघा. ती १० मायक्रोसेकंदांच्या पुढे गेली तर रूटीनमध्ये टास्कचं काम शिरलं आहे.

डीबगरबद्दल दोन सूचना. रूटीनमध्ये ब्रेकपॉइंट लावलात की पुढचे बाइट येतच राहतात आणि ओव्हररन होणारच. तो खरा दोष समजू नका. आणि युसार्टच्या रजिस्टरांची खिडकी उघडी ठेवू नका. डीबगर दाखवण्यासाठी डेटा रजिस्टर वाचतो, त्या वाचनानेच आरएक्सएनई पुसला जातो आणि बाइट तुमच्या कोडला मिळत नाही. खिडकी बंद केली की ‘दोष’ नाहीसा होतो.

सेटिंग्ज फ्लॅशमध्ये साठवत असाल तर शेवटची चाचणी तीच ठेवा. या चिपमध्ये १ केबीचं पान पुसायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून कोड वाचता येत नाही, म्हणून सीपीयू थांबतो. इंटरप्टचं प्राधान्य काहीही असो, ११५२०० बॉडला ४० मिलिसेकंदांत आलेले ४६० बाइट जातात. पुसण्याआधी समोरच्याला थांबायला सांगणारा संदेश पाठवा किंवा आरटीएस-सीटीएसच्या (समोरच्याला थांबवणाऱ्या) तारा वापरा. तेही शक्य नसेल तर घेणं डीएमए१च्या (सीपीयूशिवाय डेटा हलवणाऱ्या हार्डवेअरच्या) पाचव्या चॅनलवर न्या आणि वर्तुळाकार बफर रॅममध्ये ठेवा. सीपीयू थांबलेला असतानाही डीएमए रॅममध्ये लिहीत राहतो. ९२१६०० बॉडपर्यंत जायचं असेल तरीही हाच रस्ता, कारण तिथे दोन बाइटमध्ये जेमतेम ७८१ सायकल उरतात.